पिकलेलं केळं कुणासाठी थांबत नाही

आजचा भाग केळ्यावर आहे. लागवडीवर नाही, भावावरही नाही. स्वयंपाकघरातल्या टोपलीत काळ्या ठिपक्यांचं झालेलं, घरातल्या कुणीच हात न लावलेलं ते शेवटचं केळं असतं ना, त्याच्यावर आहे.

तुम्ही रील बघितले असतील. पिकलेली केळी सोला, चकत्या करा, फ्रीझरमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून फिरवा, आइस्क्रीम तयार. खाली लिहिलेलं असतं, ‘अन्न वाया घालवू नका’. चांगलं आहे, मी पण करतो. पण मी खान्देशी माणूस, त्यामुळे ते बघताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. ज्या जळगाव जिल्ह्याची केळी अख्ख्या उत्तर हिंदुस्थानात जातात, त्या जिल्ह्याकडे पिकलेलं केळं टिकवायची स्वतःची अशी ठळक जुनी रीत का नाही? कैरीची आहे, आंब्याची आहे, मोहाच्या फुलांचीसुद्धा आहे. मग केळ्याची का नाही? या एका प्रश्नाचा धागा धरून आज आपण उन्हापासून बर्फापर्यंत जाऊ.

ऊन हाच आपला फ्रीज

सुरुवात उन्हापासून. मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे इथे पारा ४५ च्या आसपास जातो, हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरचा माणूस त्या उन्हाला शिव्या देतो. आपल्या आज्या-पणज्यांनी त्याच उन्हाला कामाला लावलं. पापड, कुरडया, सांडगे, वाळवलेल्या भाज्या, मिरच्या, सगळं गच्चीवर किंवा अंगणात खाटेवर. याला आपण वाळवण म्हणतो. यामागचं शास्त्र सोपं आहे: बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला पाणी लागतं. पाणी काढून घेतलं की त्यांचं काम थांबतं. खान्देशातली हवा कोरडी आहे, म्हणून इथे दोन-तीन दिवसांत जे वाळतं, ते कोकणातल्या दमट हवेत वाळायला जास्त दिवस घेतं.

फळांच्या बाबतीत या विद्येचं मोठं उदाहरण सातपुड्यात आहे. अक्राणी म्हणजे धडगाव, आणि अक्कलकुवा. आज हे तालुके नंदुरबार जिल्ह्यात आहेत, पण १ जुलै १९९८ पर्यंत ते धुळे जिल्ह्यातच होते, आणि त्याच्याही आधी, १९०६ मध्ये खान्देशाचे दोन भाग झाले तेव्हापासून, पश्चिम खान्देशात. तिथल्या डोंगरात गावरान आंब्याची झाडं भरपूर. वाऱ्या-वादळात कैऱ्या पडतात, आणि झाडावरचा सगळा आंबा पिकून बाजारात पोहोचेल असा रस्ताही पूर्वी नव्हता. मग आदिवासी कुटुंबं काय करतात? कैरी सोलतात, फोडी करतात, उन्हात वाळवतात. तो आमचूर. व्यापारी तो घेतात आणि तो देशभर जातो. तुमच्या चाटवर भुरभुरलेल्या आंबटपणात कुठेतरी सातपुड्यातल्या एखाद्या बाईचे हात असू शकतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. आमचूर कैरीपासून होतो, पिकलेल्या आंब्यापासून नाही. कैरीत आंबटपणा जास्त, साखर कमी, गर घट्ट. ती नीट वाळते. पिकलेल्या फळाचं तसं नसतं.

आढी, आखाजी आणि साखर

आता पिकलेला आंबा. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना घागर भरल्यावर आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. आखाजीच्या आधी आंबा खायचा नाही, असं कित्येक घरांत आजही पाळतात. त्याकडे श्रद्धा म्हणून बघा, किंवा कोवळा आंबा न तोडण्याचा नियम म्हणून बघा. दोन्ही बाजूंनी त्यात शहाणपण दिसतं.

आंबा पिकवायचा तर आढी घालायची. गवताच्या थरात आंबे रचायचे, वरून झाकायचे. आत ऊब राहते आणि फळातून निघणारा इथिलीन नावाचा वायू तिथेच कोंडतो. एक आंबा पिकला की शेजारचे पिकतात. म्हणून तर घरातलं कुणीतरी रोज आढी उलगडून बघायचं: पिकलेला वेगळा, डागी वेगळा, सडका लगेच बाहेर. खरं तर अन्न वाया न जाऊ देण्याचं पहिलं काम हेच आहे. रोज बघणं. त्याला कुठलंही मशीन लागत नाही, पण माणूस लागतो, आणि बहुतेक घरांत तो माणूस म्हणजे बाई असायची.

आढीतून एकदम शंभर आंबे पिकले तर? रस आटवायचा. गूळ किंवा साखर घालून टिकवायचा. साखरेचंही काम मिठासारखंच. ती पाणी धरून ठेवते, जिवाणूंच्या हाती लागू देत नाही. पण साखर आणि सरपण दोन्हीला पैसे लागतात. म्हणजे गोड करून टिकवणं ही खात्यापित्या घरची सोय होती. ऊन सगळ्यांचं होतं.

केळ्याचं कोडं

आता येऊ मूळ प्रश्नाकडे. महाराष्ट्रात पिकलेलं केळं वाळवायची रीत आहे, पण ती आपल्याकडची नाही. वसई-आगाशीकडची सुकेळी ऐकली असतील. राजेळी जातीचं केळं पिकवून, सोलून, उन्हात वाळवतात आणि ते मधासारखं गोड, चिवट होतं. मग रावेर-यावलला सुकेळी का रुजली नाहीत? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, जात. राजेळीचा गर घट्ट. आपल्याकडे आधी बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, आणि १९९० च्या दशकापासून उतिसंवर्धित रोपांची ग्रँड नैन. ही सगळी मऊ, रसाळ केळी. खायला उत्तम, वाळवायला चिकट.

दुसरं, हंगाम. आंबा दोन महिने येतो आणि जातो, म्हणून त्याला धरून ठेवायची ओढ असते. केळ्याचं तसं नाही. मृगबाग आणि कांदेबाग, पहिल्या पिकाची नवती आणि नंतरची पिलबाग, असं करत वर्षभर कुठे ना कुठे घड कापणीला असतोच. जे रोज मिळतं, ते साठवायची बुद्धी कुणाला होणार? पाहुणे आले, शिकरण करा. पाहुणे गेले, उरलेलं गाईला घाला.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं: रेल्वे. १८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वेची लाइन खान्देशात आली आणि भुसावळ मोठं जंक्शन झालं. सुरुवातीला या लाइनवर कापूस मोठा. पुढे विसाव्या शतकात तापीकाठच्या विहिरींवर केळी वाढली आणि सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून वॅगन भरून दिल्लीकडे जाऊ लागल्या. पण केळी पाठवायची तर हिरवीच पाठवावी लागतात. दोन-तीन दिवसांच्या प्रवासात पिकलेलं केळं पोहोचेपर्यंत लगदा होतं. म्हणून केळी इथून हिरवी निघतात आणि पिकतात तिकडे, मोठ्या शहरांतल्या वखारींत आणि आता रायपनिंग चेंबरमध्ये.

बघा काय झालं ते. जगाला जळगावचं केळं पिवळं माहीत आहे. जळगावच्या व्यापाराला ते हिरवं माहीत आहे. आणि शेतात पिवळं झालेलं केळं म्हणजे तोट्यातलं केळं. आपल्या भावाच्या बोलीत एक शब्द आहे, ‘वापसी’. चांगला माल कापून झाल्यावर मागे राहिलेला, दुय्यम माल. त्याला भाव निम्मा किंवा त्याहूनही कमी. त्या शब्दात सगळा इतिहास आहे.

मग या मागे राहिलेल्या केळ्याचं काही करावं, असं कुणाला वाटलंच नाही का? वाटलं. वेफर्स झाले, पण ते कच्च्या केळ्याचे. केळ्याची भुकटी करायचा कारखानाही जळगावात निघाला, पण तो चालला नाही, आजारी पडला. १९७८ मध्ये वाकोदच्या भवरलाल जैन यांनी तो बंद पडलेला कारखाना ३० लाख रुपयांना घेतला. आणि त्यात केळी भुकटी केली का? नाही. पपईच्या चिकापासून पपेन नावाचं एन्झाइम काढायला सुरुवात केली, कारण त्याला परदेशात गिऱ्हाईक होतं. पुढचा ठिबक सिंचनाचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यातलं हे आधीचं पान जास्त बोलकं वाटतं. केळ्याच्या गावात केळं टिकवायचा कारखाना बुडाला आणि पपईच्या चिकाने तो वाचला. फळ टिकवणं ही नुसती तंत्राची गोष्ट नाही. टिकवलेलं फळ घेणारं कुणीतरी लागतं.

बर्फ कुठून आला

उन्हाची गोष्ट झाली. आता थंडीची.

आपल्याकडे थंडाव्याची जुनी साधनं म्हणजे माठ, रांजण, आणि भाजीवर ओलं पोतं. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, आणि कोरड्या हवेत ते भराभर उडतं, म्हणून खान्देशातला माठ मुंबईतल्या माठापेक्षा गार. याच तत्त्वावर दिल्लीच्या पुसा संस्थेने १९८० च्या दशकात विटा आणि ओल्या वाळूची, विजेशिवाय चालणारी थंड पेटी बनवली. पण हे सगळं गार करतं, गोठवत नाही.

बर्फ ही राजांची गोष्ट होती. ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये सोऱ्याने पाणी गार करायची रीत दिली आहे, आणि अकबर लाहोरला असताना डोंगरातून बर्फ यायचा, हेही. याच अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला आणि खान्देश मुघलांकडे गेला. पण म्हणून बर्फ खान्देशातल्या रयतेच्या घरी आला नाही.

पुढचा बर्फ आला समुद्रातून. अमेरिकेतल्या बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर नावाचा व्यापारी हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने विकायचा. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कलकत्त्याला पोहोचला, त्यानंतर मुंबईला. चार महिन्यांच्या प्रवासात निघालेल्या बर्फाचा मोठा भाग वितळायचा आणि तरीही धंद्यात पैसा उरायचा. पुढे इथेच बर्फाचे कारखाने निघाले आणि तो व्यापार संपला.

आता तुमच्या फ्रीझरचा खरा पूर्वज. क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन १९१२ नंतरची काही वर्षं कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये राहिला. तिथले इन्युइट लोक मासा पकडला की बर्फाळ वाऱ्यात टाकायचे, तो क्षणात गोठायचा, आणि महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. त्याच्या लक्षात आलं की खरी करामत वेगात आहे. अन्न हळू गोठलं तर आत पाण्याचे मोठे खडे होतात आणि ते पेशी फाडतात, म्हणून वितळल्यावर लिबलिबीत होतं. भराभर गोठलं तर खडे बारीक राहतात. त्याने यंत्रं बनवली, कंपनी काढली, आणि मार्च १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड गावच्या दुकानांत गोठवलेलं अन्न विकायला ठेवलं गेलं. त्यात फळंही होती. जगभर कौतुक बर्ड्सआयचं झालं, पण मूळ विद्या इन्युइटांची. आपण हवेला आमचूर शिकवायला लावला, त्यांनी हवेला मासा गोठवायला लावला. हवामान वेगळं, अक्कल तीच.

फ्रीज आला, पण कशासाठी

भारतात बनलेला पहिला घरगुती फ्रीज गोदरेजचा, १९५८ चा. खान्देशात मात्र कितीतरी वर्षं फ्रीज म्हणजे पुढच्या खोलीत ठेवायची वस्तू होती. वर क्रोशाचा रुमाल, त्यावर फुलदाणी. आणि फ्रीझर? बर्फाचा ट्रे आणि उन्हाळ्यात शेजाऱ्यांना द्यायचा बर्फ. अन्न साठवायचा तो कप्पा आहे, असं फारसं कुणाच्या डोक्यात नव्हतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या साधारण ३८ टक्के घरांत फ्रीज होता. म्हणजे हे रील बघणाऱ्या प्रत्येकाच्या घरी फ्रीझर आहे, असं समजून बोलणं बरोबर नाही.

आणि असला तरी वीज? २००५ नंतरची काही वर्षं आठवत असतील त्यांना भारनियमन आठवेल. खेड्यात रोजचे कित्येक तास वीज नाही. त्या काळात कुणाला सांगितलं असतं की आमरस तीन महिने गोठवून ठेवा, तर ती आजी हसली असती. आणि बरोबर हसली असती. उन्हात वाळवलेली कुरडई भारनियमनाला भीत नाही.

पण एक फळ आहे, ज्याच्या बाबतीत फ्रीझरने खरोखर इतिहास बदलला. सीताफळ. सातपुड्याच्या पायथ्याला, धुळ्या-जळगावच्या माळांवर ते आपोआप येतं, आणि पिकलं की एक-दोन दिवसांत फुटतं. ते वाळवता येत नाही. आटवायला गेलं तर गर कडवट होतो, म्हणून त्याचा मुरांबाही नाही. ऊन, साखर, विस्तव, आपली सगळी जुनी हत्यारं त्याच्यापुढे निकामी. गर काढून गोठवता यायला लागला, तेव्हाच सीताफळ रबडी आणि आइस्क्रीम बारा महिने मिळू लागलं.

मग केळ्याचं काय करायचं

केळंही तसंच, उन्हाला दाद न देणारं. म्हणून त्याच्यासाठी फ्रीझर ही नक्कल नाही, खरी गरज आहे. आता कामाचं सांगतो.

केळी फ्रीजमध्ये ठेवू नका, असं मोठी माणसं सांगतात ते खरं आहे. साधारण १३ अंशांच्या खाली केळ्याच्या सालीला इजा होते, ती काळी पडते आणि कच्चं केळं मग नीट पिकतही नाही. गोठवायचं तर पूर्ण पिकल्यावर, आणि सोलून. साल न काढता गोठवलं तर नंतर ती काढताना नाकी नऊ येतात.

चकत्या करा. स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटतील अशा पसरा. स्टील थंडी लवकर पोहोचवतं आणि पातळ चकती लवकर गोठते. बर्ड्सआयचं सूत्र तुमच्या घरात. दोन-तीन तासांनी कडक झाल्या की डब्यात किंवा पिशवीत भरा, हवा काढा, तारीख लिहा. काळं पडणं कमी करायचं तर लिंबाचे चार थेंब. दोन दारांच्या फ्रीजचा फ्रीझर उणे १८ अंशांपर्यंत जातो, तिथे दोन-तीन महिने चव टिकते. एका दाराच्या जुन्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा तेवढा थंड नसतो. तिथे दोन-तीन आठवड्यांतच संपवा. आमरस गोठवायचा तर दूध न घालता, आणि डबा काठोकाठ भरू नका, कारण पाणी गोठताना फुगतं. वीज बराच वेळ गेली तर फ्रीझर उघडू नका. वितळलेलं पुन्हा गोठवू नका. आणि एक गोष्ट पक्की: थंडीने जिवाणू मरत नाहीत, झोपतात. सडलेलं फळ गोठवून चांगलं होत नाही.

ते केळं वितळल्यावर चकतीसारखं राहणार नाही, मऊच होणार. म्हणून त्याचं शिकरण, स्मूदी, पॅनकेक करा. चिरून खायला ताजंच आणा.

कोणाचं वाचतं, कोणाचं नाही

शेवटी हिशोब. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमध्ये. भारतात माणशी वर्षाला ५५ किलो, असा त्यांचा अंदाज. म्हणजे आपल्या घरातलं ते शेवटचं केळं खरंच मोजलं जातंय.

पण दुसरा आकडाही ऐका. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात फळांची काढणीपासून बाजारापर्यंतची नासाडी ६.७० ते १५.८८ टक्के निघाली. ती तुमच्या घरी पोहोचायच्या आधीची आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गाड्या थांबल्या तेव्हा आपण पाहिलं, शेतकऱ्यांनी केळीचे घड गुरांपुढे टाकले. कुणाच्या घरचा फ्रीझर तेवढी केळी पोटात घेणार नव्हता. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जून २०२१ मध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी त्या शिक्क्यासह दुबईला गेली. आनंदाची गोष्ट. पण मानांकन हिरव्या, निवडक घडाला मिळतं. वापसीच्या केळ्याला अजून नाव नाही.

माझं म्हणणं इतकंच. ज्या वस्तूला बाजार आहे तीच टिकवली जाते, हे १९७८ च्या त्या कारखान्याने दाखवलं. तेव्हा वापसीची पिकलेली केळी गोठवून, गर करून विकणारा एखादा बचत गट किंवा छोटा उद्योग तुमच्या तालुक्यात दिसला, तर त्याच्याकडून एक पाकीट घ्या. रील लाइक करण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडेल. आणि घरात टोपली रोज बघायचं काम एकट्या आईवर सोडू नका. आढी उलगडून बघायला आता तुमचेही हात लावा.

तुमच्या घरी पिकलेलं फळ टिकवायची कुठली रीत होती? आजीला, मावशीला विचारा, तिच्याच आवाजात रेकॉर्ड करा आणि आम्हाला पाठवा. अहिराणीत असेल तर फारच छान. चांगल्या रीती पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोपर्यंत राम राम.